पाण्याखालचें पाहणें

मनुष्य एखादी वस्तु विकत घ्यावयास निघाला म्हणजे त्या वस्तूपेक्षां तो स्वतःच अधिक उघडा पडतो. लग्नाचा शालू निवडणारी गृहिणी, पहिली सायकल पाहणारा मुलगा, किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर आरामखुर्ची चांचपून पाहणारा गृहस्थ, यांपैकीं कोणाच्याही मागें दुकानांत दहा मिनिटें उभें राहावें; त्या माणसाला जगांत काय हवें आहे आणि कशाची भीति वाटते आहे, हें सहज कळून येतें. समुद्रांत बुडी मारतांना छायाचित्रें काढण्यासाठीं एखादा साधा डिजिटल कॅमेरा घ्यावा, असें अलीकडे माझ्या मनानें घेतलें आणि मी दुकानांत गेलों. "सर, खर्च किती करायचा?" असें दुकानदारानें विचारलें. या प्रश्नाला उत्तर देणें प्राध्यापकाला कधींच जड जात नाहीं; तें उत्तर त्याच्या खिशानें आधींच देऊन ठेवलेलें असतें. पण त्यानें मागोमाग दुसरा प्रश्न केला, "फोटो कशाचे काढणार?" या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत माझे चार महिने गेले.

पन्नाशी उलटलेल्या माणसानें पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रांत उतरावें कीं नाहीं, हा वाद आमच्या घरीं यथासांग होऊन गेलेला आहे. त्याची पुनरावृत्ति येथें करीत नाहीं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या शिकाऊला आरोग्यपत्रकांत कांहीं प्रश्न अधिक विचारतात व प्रसंगीं डॉक्टरची संमतीही मागतात, एवढें सांगून मीं घरच्यांचें समाधान केलें. उतरण्याचें खरें कारण निराळेंच होतें. गेलीं तीस वर्षें मी पदार्थविज्ञानाच्या वर्गांत प्रकाशाचें शोषण शिकवीत आलों आहें. फळ्यावर एक उतरती वक्ररेषा काढावयाची आणि पाण्यांत तांबडा रंग सर्वांत आधीं नाहींसा होतो, निळा सर्वांत शेवटीं, असें सांगावयाचें, हा माझा दरवर्षींचा नेम. "अहो, इतकीं वर्षें दुसऱ्यांना सांगितलेंत, तेवढ्यानें तें खरें नाहीं का झालें?" असें आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें. प्रश्न बिनतोड होता. परंतु सांगितलेलें खरें आणि पाहिलेलें खरें यांत, पंचांगांतलें ग्रहण आणि आकाशांतलें ग्रहण यांत असावें तितकें अंतर आहे.

तें अंतर मीं लक्षद्वीपांत तुटतांना पाहिलें. मनगटाला मुद्दाम एक तांबडा रुमाल बांधला होता. पांच मीटर खालीं गेल्यावर तो विटकरी झाला. दहा मीटरांवर तपकिरी. आणखी खालीं तो असा कांहीं काळवंडला कीं, तो माझाच रुमाल अशी खात्री करण्यासाठीं मला त्याची गांठ चांचपावी लागली. शुद्ध पाण्यांत गडद तांबड्या किरणांपैकीं पांच मीटरांवर सुमारें पांचवा हिस्सा उरतो आणि दहा मीटरांवर सुमारें तिसावा, हें गणित मला पाठ आहे. पाण्याच्या रेणूंतील हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या कंपनांत तें तांबडें तेज खर्ची पडतें, हेंही ठाऊक आहे. पण गणित मनगटावर घडतांना पाहणें ही गोष्ट निराळी. चंद्रशेखर व्यंकट रामन् हे १९२१ सालीं 'नारकुंडा' जहाजानें विलायतेहून मुंबईस परत येत असतां, खिशांतल्या निकोलच्या लोलकांतून समुद्राकडे पाहत बसले होते. पृष्ठभागावरची आकाशाची झळाळी त्या लोलकानें पुसून टाकली, तरी समुद्राची निळाई ओसरली नाहीं. उलट ती अधिकच गहिरी झाली. समुद्राचा निळा रंग केवळ आकाशाची उसनवारी नव्हे, हें त्यांनीं जहाजाच्या कठड्याशीं उभें राहून ताडलें. मला वाटतें, तोही एका साध्या उपकरणाचाच विजय होता. फक्त तें उपकरण कशासाठीं हवें आहे, हें रामन् यांना आधीं ठाऊक होतें.

आतां कॅमेऱ्याकडे वळूं. पहिली कसोटी खोलीची. दर दहा मीटरांमागें पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. अठरा मीटरांवर, म्हणजे नवशिक्या पाणबुड्याला जेथपर्यंत उतरण्याची मुभा असते तेथें, तळहाताएवढ्या कॅमेऱ्याच्या पाठीवर शंभर किलोहून अधिक भार पडतो. बाजारांत 'जलाभेद्य' म्हणून मिळणारे पुष्कळसे छोटे कॅमेरे पंधरा मीटरांपर्यंतच टिकतील असें त्यांचे कर्तेच सांगतात. २०२३ मध्यें निघालेला ओएम सिस्टिमचा टीजी-७ घ्या. तो उघडा पंधरा मीटरांपर्यंत चालतो, आणि त्याच्यासाठीं केलेल्या पारदर्शक पेटींत, जिला या धंद्यांतले लोक 'हाउसिंग' म्हणतात, बसविला कीं पंचेचाळीस मीटरांपर्यंत. सीलाइफच्या मायक्रो ३.० या कॅमेऱ्यानें निराळी युक्ति केली आहे: त्याला उघडावयाचें दारच नाहीं, तो साठ मीटरांपर्यंत जातो. पंधरा आणि अठरा यांतले तीन मीटर किरकोळ वाटतात. पण कॅमेरा पंधराचा आणि परवाना अठराचा, अशी जोडी जमली म्हणजे पाणबुड्याचें अर्धें लक्ष माशाकडे आणि अर्धें खोली दाखविणाऱ्या कांट्याकडे राहतें, व शेवटीं दोन्ही हातचे जातात. आपल्या कान्होजी आंग्र्यांचें नांव धारण करणारी आंग्रिया बँक विजयदुर्गापासून सुमारें शंभर किलोमीटर पश्चिमेस समुद्रांत बुडून आहे; तिचा माथा पृष्ठभागापासून सुमारें वीस मीटर खालीं. तेथें जावयाचें तर नवशिक्याचा परवाना आणि उघडा कॅमेरा, दोघेही उंबऱ्याबाहेरच राहतात.

पेटी घेतली म्हणजे पाण्याची भीति संपली असें नव्हे. त्या पेटीचा सारा प्राण 'ओ-रिंग' नांवाच्या रबराच्या एका वाटोळ्या कड्यांत असतो. त्या कड्यावर डोक्याचा एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी समुद्राला वाट मिळते. म्हणून बुडीपूर्वीं तें कडें पुसावें, त्याला सिलिकोनचें वंगण नखभर लावावें, आणि बुडीनंतर पेटी न उघडतां गोड्या पाण्यांत बुडवून ठेवावी. कोंकणांतल्या दमट हवेंत पेटी बंद केली तर आंतली वाफ थंड पाण्यांत कांचेवर धुकें होऊन बसते, म्हणून आंत सिलिका जेलची एखादी पुडी ठेवावी. हें सर्व ऐकून माझी पत्नी म्हणाली, "लोणच्याच्या बरणीला याहून निराळें काय लागतें?" मला याहून चांगलें उत्तर सांपडलें नाहीं. बरणी नीट ठेवतां येणाऱ्या माणसानें हाउसिंगची धास्ती घेऊं नये.

दुसरी कसोटी प्रकाशाची, आणि येथेंच मालवणचें पाणी व लक्षद्वीपाचें पाणी यांचे मार्ग वेगळे होतात. पाण्यानें खाल्लेला तांबडा रंग परत आणावयाचा सरळ उपाय म्हणजे आपला प्रकाश बरोबर नेणें. फ्लॅश एक मीटरावरच्या माशावर टाकला तर उजेड जातांना एक आणि येतांना एक, असे दोनच मीटर पाण्यांतून चालतो. तांबडें पुष्कळसें शाबूत राहतें. तोच मासा तीन मीटरांवर असला तर उजेडाला सहा मीटर चालावें लागतें आणि फ्लॅश केवळ मनाच्या समाधानापुरता उरतो. पण आमच्या कोंकणकिनाऱ्याच्या पाण्यांत आणखी एक अडचण आहे. नद्यांनीं आणलेला गाळ आणि सूक्ष्म जीवांची दाटी यांमुळें तेथें कित्येकदां चार-पांच मीटरांपलीकडचें कांहीं दिसत नाहीं. कॅमेऱ्यांतच बसविलेला फ्लॅश भिंगाच्या अगदीं शेजारीं असतो. तो उडविला कीं मधला प्रत्येक कण उजळून चित्रावर पिठासारखा भुरभुरतो. खंडाळ्याच्या घाटांत धुकें पडलें असतां मोटारीचे मोठे दिवे लावले म्हणजे रस्ता दिसण्याऐवजीं धुकेंच दिसतें, तसाच हा प्रकार. बाजूला लांब दांड्यावर धरलेला दिवा हा त्यावरचा उपाय; पण मग कॅमेरा साधा राहत नाहीं, संसार होतो.

तिसरी कसोटी भिंगाची. सपाट कांचेंतून पाण्यांत पाहिलें असतां वस्तु आहे त्याच्या तीन चतुर्थांश अंतरावर आली असें वाटतें आणि सुमारें एक तृतीयांशानें मोठी दिसते. डोळ्यांप्रमाणें कॅमेऱ्यालाही हीच भूल पडते. त्याच्या नजरेचा विस्तार तेवढ्यानें आखडतो. यावर लांबचें जवळ आणणारें भिंग, म्हणजे ज्याला आपण झूम म्हणतों तें, कांहीं कामाचें नाहीं. झूमनें मासा जवळ येतो, पण मधलें पाणी जागच्या जागीं राहतें, आणि चित्र बिघडविणारें तें पाणीच. म्हणून पाण्याखालीं दूरदृष्टीपेक्षां विस्तृत दृष्टि व जवळीक यांचें मोल अधिक. वस्तूच्या हातभर अंतरावर जावें आणि मगच कळ दाबावी. दुकानांतल्या पाटीवर झूमचे आणि मेगापिक्सेलचे आंकडे ठळक अक्षरांत लिहिलेले असतात. समुद्र ते वाचीत नाहीं.

चौथी कसोटी मात्र कॅमेऱ्याची नव्हे, माणसाची. मालवणचा माझा शिक्षक गाबीत कुटुंबांतला पंचविशींतला तरुण. पहिल्याच दिवशीं मीं कॅमेऱ्याचा विषय काढला, तेव्हां तो म्हणाला, "सर, आदी दम सांबाळा, कॅमेरो मगे." या चार शब्दांत त्यानें सारें शास्त्र सांगितलें. जमिनीवर छायाचित्रकार कळ दाबण्याच्या क्षणीं श्वास रोखून धरतो, कां कीं त्यानें हात स्थिर राहतो. पाण्याखालचा पहिला नियम याच्या नेमका उलट आहे: श्वास कधीं कोंडूं नये. कोंडलेला श्वास घेऊन माणूस वर सरकला तर दाब कमी होऊन छातींतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. मिनिटाला नऊ मीटरांपेक्षां वेगानें वर येऊं नये, पांच मीटरांवर तीन मिनिटें थांबावें, हे नियम सुंदर मासा दिसला म्हणून सैल होत नाहींत. शिवाय श्वासाच्या बेतावरच माणूस पाण्यांत तरंगतो. तो बेत चुकला कीं फिनचा फटका प्रवाळाला बसतो, आणि कित्येक वर्षांची वाढ एका चित्रापायीं तुटून पडते. त्या तरुणानें मला पहिल्या दहा बुड्या रिकाम्या हातांनीं करावयास लावल्या. अकराव्या बुडीला कॅमेरा आला तेव्हां कळलें कीं, माझ्या वयाच्या माणसाला लहान कॅमेऱ्याचें लहान बटण सोईचें नाहीं. जवळचें पाहण्याचा चष्मा मुखवट्याच्या आंत चढत नाहीं. म्हणून कळी मोठी हवी, पडदा स्वच्छ हवा, आणि निवड करावयाची तर एक-दोन गोष्टींचीच असावी.

या चार कसोट्या लावल्यावर निवड जवळजवळ आपोआप व्हावयास हवी होती. तरी ती होत नव्हती, कारण दुकानदाराचा प्रश्न अजून अनुत्तरित होता. फोटो कशाचे काढणार?

या विद्येचा इतिहास पाहिला तर तोही याच प्रश्नाशीं झुंजत आला आहे. १८५६ सालीं विल्यम थॉम्पसन यानें इंग्लंडांत वेमथच्या उपसागरांत पेटींत घातलेला कॅमेरा खालीं सोडला. पेटींत पाणी शिरलें, तरी कांचेवर पुसटसें कांहीं उमटलें. १८९३ मध्यें लुई बूतां या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें बान्यूल-सुर-मेर येथें स्वतः पाण्यांत उतरून छायाचित्रें घेतलीं. १९२६ मध्यें लाँगली आणि मार्टिन या दोघांनीं फ्लॉरिडाजवळ ड्राय टॉर्तुगास बेटांपाशीं तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवून पाण्याखालचीं पहिलीं रंगीत छायाचित्रें काढलीं. एका माशाचा खरा रंग दिसावा म्हणून समुद्रावर वीज पाडण्याचा तो खटाटोप होता! पुढें १९४३ मध्यें कुस्तो आणि गान्यां यांनीं माणसाला पाण्यांत मोकळा श्वास दिला, आणि कुस्तोच्या प्रेरणेनें निघालेला 'कालिप्सो' कॅमेरा १९६३ पासून 'निकोनॉस' या नांवानें जगभर गेला. आज हें सारें हातावर मावणाऱ्या डबींत आलें आहे. पण प्रश्न तोच आहे. वीस मीटरांवरच्या माशाचा 'खरा' रंग कोणता? फ्लॅशच्या क्षणभर उजेडांत दिसतो तो तांबडा, कीं तो मासा ज्यांत जन्मभर वावरतो तो करडा? तेथें तांबडें असणें म्हणजे अंधारांत लपणें होय. त्याच्या लपण्याच्या कपड्याला आपण उजेड पाडून त्याचा दागिना करतों.

बरेच दिवस हा मला केवळ विद्वत्तेचा वाद वाटत होता. माझी एक जुनी विद्यार्थिनी प्रवाळांच्या पाहणीचें काम करते. ती भेटीस आली आणि वाद जमिनीवर आला, किंवा समुद्रतळावर गेला म्हणा. तिनें माझ्यापुढें एकाच प्रवाळाचीं दोन छायाचित्रें ठेवलीं. एकांत तें गुलाबी, टवटवीत दिसत होतें. दुसऱ्यांत फिकट, खडूसारखें.

"सर, हें प्रवाळ निरोगी कीं आजारी?"

मीं म्हटलें, "प्रकाश कोणता होता तें सांगितल्याशिवाय मी रंगाबद्दल एक अक्षर बोलणार नाहीं."

ती हसली. "उत्तर बरोबर. पहिल्यांत कॅमेऱ्यानें स्वतःच्या बुद्धीनें तांबडा रंग भरला आहे. दुसऱ्यांत मीं शेजारीं पांढरी पाटी धरून त्याला पांढरें म्हणजे काय तें शिकविलें. प्रवाळ त्या दिवशीं उपाशी होतें, सर."

प्रवाळाच्या अंगांत सूक्ष्म शेवाळ राहतें. तेंच त्याला रंग देतें आणि अन्नाचा मोठा वाटाही देतें. पाणी नेहमींपेक्षां अधिक काळ तापलें कीं ही भागीदारी मोडते, शेवाळ बाहेर पडतें, आणि पारदर्शक देहांतून आंतला पांढरा सांगाडा दिसूं लागतो. तें लगेच मरत नाहीं. ताप लवकर उतरला तर सावरतें, नाहीं तर मरतें. लक्षद्वीपांत १९९८, २०१० आणि २०१६ मध्यें असा ताप येऊन गेला. २०२४ च्या एप्रिलांत शास्त्रज्ञांनीं जगभरची चौथी अशी लाट जाहीर केली, आणि त्या उन्हाळ्यांत लक्षद्वीपही तींतून सुटलें नाहीं. अशा वेळीं प्रवाळाच्या रंगाची छटा ही आजाऱ्याची नाडी असते. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड विद्यापीठांत २००२ मध्यें सुरू झालेल्या 'कोरलवॉच' या उपक्रमानें रंगांच्या पायऱ्या छापलेला एक तक्ता केला आहे. साध्या हौशी पाणबुड्यानेंही तो प्रवाळाशेजारीं धरून छटा नोंदवावी, एवढीच त्याची अपेक्षा. आणि आमचे कॅमेरे मात्र, यजमानाला खुश ठेवणाऱ्या भाटाप्रमाणें, आजाऱ्याच्या गालाला लाली फांसून देतात! घरांतल्या म्हाताऱ्याचें असें रंगविलेलें चित्र पाहून "बरी आहे कीं प्रकृति" असें म्हणणारा मुलगा आपण पत्करूं का?

त्या संध्याकाळीं मला दुकानदाराच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. मला माशांचे दागिने नको होते, पाहिलेल्या गोष्टीची साक्ष हवी होती. मग निवड सोपी झाली. हाउसिंगमध्यें पंचेचाळीस मीटरांपर्यंत जाणारा एक छोटा कॅमेरा घेतला. त्यांत दोन गोष्टी तेवढ्या पारखून घेतल्या: पाण्याखालीं पांढऱ्या पाटीवर रोखून 'व्हाइट बॅलन्स' स्वतः ठरवितां येतो, आणि चित्र यंत्रानें शिजविण्यापूर्वींच्या कच्च्या स्वरूपांत, 'रॉ' म्हणून, ठेवतां येतें. खोली बदलली कीं पाटीवर पुन्हां रोखावें लागतें; पण देवळांत शिरतांना पुन्हां हात जोडण्याचा आपणांस कंटाळा येत नाहीं. फ्लॅश मीं बंद ठेवतों. फार खोलवर पाटीही हरते, कारण जो रंग पाण्यानें मुळींच पोंचूं दिला नाहीं तो यंत्राला परत आणतां येत नाहीं. तेथें चित्र निळें राहतें. तें तसेंच राहूं द्यावें, असें मीं ठरविलें आहे.

माझीं छायाचित्रें पाहून घरचे पाहुणे थोडे हिरमुसले होतात. "सगळें निळें-निळेंच आहे हो," असें ते म्हणतात, आणि मासिकांतल्या झगमगीत मासोळ्यांची आठवण काढतात. मी त्यांना मग दोन चित्रें दाखवितों: मालवणचें हिरवट, गढूळ, ज्यांत एक खेंकडा कसाबसा ओळखूं येतो, आणि लक्षद्वीपाचें, ज्यांत पांढऱ्या पाटीशेजारीं एक प्रवाळ आहे, तारीख आणि खोली लिहिलेलें. ज्याला साधा कॅमेरा घ्यावयाचा आहे त्यानें सल्ला विचारला तर मी आंकडे सांगत नाहीं. आधीं दहा बुड्या रिकाम्या हातांनीं करा, म्हणून सांगतों. मग आपण उतरणार त्या पाण्याची खोली आणि गढूळपणा पाहा. आणि कॅमेऱ्याच्या किंमतीच्या शतांशानेंही मिळते ती पांढरी पाटी विसरूं नका. त्या प्रवाळाचें दुसरें चित्र काढावयास मला पुढच्या हिवाळ्यांत जावयाचें आहे. पाटी तीच असेल. छटा कोणती असेल, तें तेथें गेल्यावरच कळेल.